धाकू, तुझं अर्धं राहिलेलं बोलणं

धाकू,

काल घाट उतरताना गाडी तुझ्या चौकीपाशी थांबली आणि मी सवयीनं डब्यातून मान बाहेर काढून ओरडलो, "काय रं, जेवलास का?" खटक्यापाशी उभा असलेला नवा सांधेवाला दचकला. तरणा आहे, लाजाळू आहे. "व्हय जी," एवढंच म्हणाला आणि खटका ओढून मोकळा झाला. इतक्या लवकर रस्ता मिळाल्याचं आमच्या ड्रायव्हरसाहेबांनासुद्धा नवल वाटलं असेल. तुझ्या हयातीत त्यांना असा झटपट रस्ता कधी मिळाला नव्हता.

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय. कर्जतच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत बसलो, त्याचा उपयोग आजवर तुला वर्तमानपत्रातल्या बातम्या ओरडून सांगण्यापुरताच झाला. आणि आपण बोललो ते सगळं गाडी उभी असेपर्यंत. त्या सवयीनं माझी वाक्यंच आखूड झाली, घरची माणसं हसतात. एकदा तरी शिट्टीची धास्ती न धरता तुझ्याशी ऐसपैस बोलावं अशी फार इच्छा होती रे. आता ती अशी कागदावर भागवतोय.

माझा जावई परवा विचारत होता, ब्रेकवाल्याची आणि सांधेवाल्याची एवढी दोस्ती होतेच कशी? एक सदा गाडीत, दुसरा सदा जमिनीवर. मग त्याला तुझा सांधा समजावून सांगितला. म्हटलं, घाट उतरणारी गाडी कधी हाताबाहेर गेली तर दरीत जाऊ नये म्हणून ठाकूरवाडीजवळ एक फाटा काढलाय. तो डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि वाळूत संपतो. सांधा कायम त्या फाट्याकडे लावलेला असतो. म्हणून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीनं तिथं थांबायचं, शिट्टी मारून रस्ता मागायचा, आणि गाडी पुरती उभी राहिली अशी सांधेवाल्याची खात्री पटली की मगच तो खटका ओढून खरी वाट देणार. माझा डबा इंजिनामागे पहिला, म्हणजे तुझ्या खटक्यापासून हाकेच्या अंतरावर. चढताना गाडी थांबत नाही, तेव्हा नुसता हात करायचा. उतरताना मात्र तुझी खात्री पटेपर्यंत आपलं राज्य.

जावई म्हणाला, "एवढ्याशा वेळात माणूस बोलणार काय?" त्याला काय सांगू? आपण एकेक भांडण महिना महिना पुरवलं. सोमवारी मी एक वाक्य टाकायचं, त्याचं उत्तर तू मंगळवारी द्यायचंस, आणि बुधवारी माझी पाळी नसली की गुरुवारपर्यंत मी ते उत्तर चघळत बसायचो. त्यातही तू लबाड. शेवटचं वाक्य नेहमी तुझं, कारण खटका तुझ्या हातात. मनाजोगतं काहीतरी बोलून झालं की खाडकन खटका ओढायचास. ड्रायव्हर शिट्टी मारायचा, मला ब्रेकचं चाक धरावं लागायचं, आणि माझं चोख उत्तर तोंडातल्या तोंडात राहायचं. गाडी पळसदरी ओलांडेपर्यंत मी तुला शिव्या घालत असायचो.

पण एक दिवस तू रस्ता दिला नाहीस. माझी बायको सखू गेली, त्यानंतर मी कामावर आलो तो दिवस. मी डब्यातून मान बाहेर काढली नव्हती. तू खटका सोडून चढाच्या खडीवरून माझ्या डब्यापाशी आलास, पायरीवर चढलास आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून नुसता उभा राहिलास. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारत होता. गार्डसाहेब मागून ओरडत आले, तेव्हा तू तिथूनच म्हणालास, "गाडी हलतीय अजून. पुरती उभी ऱ्हायली की द्येतो रस्ता."

गाडी केव्हाचीच दगडासारखी उभी होती. गार्डसाहेबांनी खाली वाकून चाकं पाहिली, तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं परत गेले. मी रडून घेतलं. मग तू खाली उतरलास आणि रस्ता दिलास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसली भाषाच नव्हती. आज म्हणतो, धाकू, फार उपकार झाले.

बाकी आपलं खरं भांडण एकच, आणि ते कधी मिटलं नाही. दरवर्षी भात झोडून झालं की तू म्हणायचास, "ब्रेकवाल्या, नव्या भाताला ये घरी. कुंभिवलीला." मी म्हणायचो, येतो. मग तू अट घालायचास, "पन चालत यायचं."

मी म्हणायचो, "का म्हून? कर्जतला गाडीत बसतो, खोपोलीला उतरतो, तिथनं तुझं घर किती लांब हाय? रेल्वेचा मानूस मी. पायी कशापायी येऊ?"

"गाडीनं आलास तर आमची मानसं तुला उतारू समजतील रं. पावना चालत येतो."

आणि खाडकन खटका.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं ते तू मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं होतंस. तुमचं घर पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर. तुझा बाप बैलगाडी हाकायचा. तू लहान असताना तो रस्ता दिवसभर वाहता असे. मिठाच्या गाड्या, बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले लमाण, साहेबाची पालखी वाहणारे भोई, सगळे तुमच्या ओट्यापाशी थांबायचे. तुझी आई दारात पाण्याचा हंडा भरून ठेवायची. कोण कुठला, कशाला निघालाय, घरी कोण आजारी आहे, सगळं तिला कळायचं. मग आगगाडी खोपोलीपर्यंत आली, तेव्हा निम्मे लोक कमी झाले. पुढं घाटातून गाडी सुरू झाली आणि रस्ता ओसाडच पडला. बापानं बैल विकले. "पन आयेनं हंडा भरायचं सोडलं नाय," असं तू म्हणालास आणि नेमका तेव्हाच रस्ता दिलास. तो हंडा माझ्या मनात कर्जतपर्यंत हलत राहिला.

मी मात्र हार मानणारा नव्हतो. मी म्हणायचो, तुझी भाकरी रेल्वेची आणि कौतुक बैलगाडीचं, हे बरं आहे. या गाडीनं दुष्काळात धान्य आणलं, माझ्या लेकीला बाळंतपणाला वेळेवर कर्जतला आणलं. तू म्हणायचास, खरं हाय. मग डोकं खाजवून म्हणायचास, "पन तुझ्या गाडीतल्या कुनाला मी म्हाईत हाय का सांग. रोज एवढी मानसं माझ्या म्होरनं जातात. मी रस्ता द्येतो. येक तरी मानूस विचारतो का, तुझं गाव कंचं?" मी म्हणायचो, "मी विचारतो की!" तू हसायचास. मधे मी तुला बातमी वाचून दाखवली की नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढवायची चाललीय. तुझं तोंड एवढंसं झालं. "मंग वरचे घोडेवाले नि पालखीवाले काय करतील?" म्हणालास. मी म्हटलं, करतील काहीतरी, आपण केलंच की. त्यावरून पुढचे कित्येक दिवस तू माझ्याशी फक्त "हूं" आणि "न्हाई" एवढंच बोललास, आणि चौकीमागच्या वेलावरची तुझी ती रुसलेली काकडी मात्र रोज न चुकता माझ्या हातात येत राहिली.

मी कधी आलो नाही, याचं कारण मोठं काही नव्हतं. कधी तुला सुट्टी असे तर मला नसे, कधी मला असे तर तुला नसे. आणि जुळली असती तरी मी चालत येणार नव्हतो आणि तू गाडीनं येऊ देणार नव्हतास. दोघांनाही वाटत होतं, घाई कसली आहे? आपण काय कुठं पळून चाललोय?

आणि मग ते शेवटचं. तू भातासाठी रजेवर निघायच्या आदल्या दिवशीचं. मी तयारीनिशी आलो होतो. मनाशी ठरवलं होतं, की यंदा त्यानं बोलावलं की म्हणायचं, बरं बाबा, येतो चालत, जिंकलास. तुला बोलूच द्यायचं नाही, असा माझा बेत होता. पण त्या दिवशी तू खटक्यापाशी गंभीर उभा होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "ब्रेकवाल्या, आता नाय बोलवायचा तुला."

मी "का रं?" म्हणालो. तू तोंड उघडलंस, तेवढ्यात मागून दुसरी गाडी सुटल्याचा इशारा झाला. गार्डसाहेबांनी निशाण फडकवलं, ड्रायव्हरनं शिट्टी फुंकली, तुला खटका ओढावाच लागला. तू काहीतरी ओरडत होतास. तुझे ओठ हलताना दिसले. वाफेच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेवटचं वाक्य तुझं नव्हतं, आणि माझंही नव्हतं.

मला राग आला. नंतर वाईट वाटलं. म्हटलं, कंटाळला. इतकी वर्षं बोलावतोय आणि हा शहाणा गाडीचा हट्ट धरून बसलाय, कोण किती दिवस बोलावील? ठरवलं, रजेवरून आला की डब्यातून खाली उतरायचं, दंडाला धरायचं आणि विचारायचं.

तू आलाच नाहीस. हा नवा सांधेवाला आला. काही दिवसांनी गाडी थांबल्या थांबल्या त्यानं मला विचारलं, "ब्रेकवाले तुमीच का? धाकूदादा ग्येला. ताप आल्ता. सोमवारी पाताळगंगेवर दहावं हाय." आणि रस्ता दिला. त्याची काही चूक नाही, त्यानं नियमानं काम केलं. ड्रायव्हरची शिट्टी झाली, उतार सुरू झाला, मला चाक आवळायला लागलं. दोन्ही हात गुंतलेले असले की माणसाला डोळेसुद्धा पुसता येत नाहीत. कर्जतच्या फलाटावर उतरलो तेव्हा हमाल म्हणाला, "कोळसा गेला का काय डोळ्यात?" मी हो म्हटलं.

सोमवारी रजा घेतली. सकाळी स्टेशनवर आलो तर खोपोलीची गाडी उभीच होती. आतून एक ओळखीचा खलाशी म्हणाला, "या की, जागा हाय!" मी म्हटलं, नको, चालत जातो. त्याला वाटलं, बिघडलंय याचं डोकं. रुळाच्या कडेनं पळसदरीपर्यंत आलो तेवढ्यात तीच गाडी मला ओलांडून गेली आणि तो खलाशी दारातून हात हलवत होता. तेव्हा तुझा मनापासून राग आला. गुडघे कुरकुरत होते, वहाणेचा अंगठा तुटला, ऊन चढत होतं. मेल्यावरसुद्धा तुझीच अट मी पाळत होतो.

पण खरं सांगतो, बरंही वाटत होतं. तो मुलूख मी सगळा वरून पाहिलेला. घाटातून उतरताना खाली चौकोनी चौकोनी शेतं दिसतात, खळ्यांवर माणसं मुंगीएवढी दिसतात. त्या दिवशी मी त्यांच्यातून चाललो होतो. एका खळ्यावर म्हातारीनं हटकलं, "कुनीकडं?" म्हटलं, कुंभिवलीला, दहाव्याला. "कंच्या घरी?" म्हटलं, धाकू सांधेवाल्याच्या. तिनं झोडपणं थांबवलं आणि म्हणाली, "चांगला मानूस हुता. जाता-येता उभा ऱ्हायचा, इचारायचा." मला तिथंच बसावंसं वाटलं. गाडीतून हे कोणी मला कधी विचारलं असतं?

आणि तुझ्या या चालण्यापायी मला उशीर झाला. नदीकडे वळलो तर माणसं परतताना भेटली. तुझा भाऊ, केस उतरवलेला, ओल्या धोतरात, पुढं येत होता. म्हणाला, "झालं सगळं. शिवला कावळा."

मी कसंनुसं "बरं झालं" म्हणालो. पण आतून फार लागलं. कारण मी वाटभर मनात वाक्य घोकत आलो होतो. नदीकाठी हात जोडून सांगणार होतो, की धाकू, बघ, चालत आलो, आता तरी राग सोड. पिंडाला कावळा शिवेना की लोक गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देतात, तसा माझाही शब्द होता. आणि तू माझ्यासाठी थांबला नाहीस. माझ्यावाचून तुझं काही अडलंच नव्हतं. सगळ्यांच्या मागून, पायातल्या तुटक्या वहाणा हातात घेऊन, मी तुझ्या घराकडे निघालो. परतावं असंही एकदा मनात आलं.

तुझ्या ओट्यावर बसलेली दोन-तीन म्हातारी माणसं मला पाहून उठून उभी राहिली. धुळीनं भरलेले माझे पाय त्यांनी पाहिले. एकजण न विचारता तांब्या घेऊन वाकला. दारात हंडा होता, धाकू. अजून आहे. भरलेला, वर ताटली झाकलेली. मी पाय धुतले, पाणी प्यालो, आणि त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लांबनं आलं का पावनं?" पावणं म्हणाला तो. या एका बाबतीत तू बरोबर होतास, हे इथं लिहून देतो.

मग आतून वहिनी आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ब्रेकवाले भावजी ना?"

"तुमी कसं वळकलं?"

"गुडघं धरून बसलात. हे सांगायचे, थंडीत भावजींचं गुडघं धरतात."

त्यांना सगळं ठाऊक होतं. माझा जावई, सखूचा आजार, दुष्काळातल्या धान्यावरून मी तुला काय काय ऐकवलं होतं ते. तू रजेवर घरी यायचास आणि महिन्याभराचं आपलं भांडण त्यांना सलग सांगायचास, माझी उत्तरंसुद्धा. मी जी तोंडातल्या तोंडात गिळली असं समजत होतो, तीही तू आपल्या मनानं भरून सांगायचास. वहिनी म्हणाल्या, "तुमचं बोलनं लई चोख असतं." मी काय बोलणार? ते तुझं होतं.

मी उठायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, तुमाला येक सांगायचं हाय. नदीवर कबूल केलंय मी."

कावळा लगेच शिवला नव्हता म्हणे. भावानं सांगितलं, पोरीचं लग्न करून देईन. नाही शिवला. तुझ्या थोरल्या पोरानं सांगितलं, शेत विकणार नाही. कावळा झाडावर तसाच. ऊन वाढत चाललं, सगळे टेकीला आले. तेव्हा वहिनी पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बोलनं अर्धं ऱ्हायलंय, ते मी भावजींच्या कानाव घालते." आणि कावळा खाली उतरला.

आता कावळ्याला भूक लागली असेल, नाही असं नाही. मी त्यात पडत नाही. वहिनी सांगत होत्या, "रजेवर आले त्या दिवशीपासनं येकच घोर लागलेला. म्हनायचे, ब्रेकवाल्याला सांगितलं, आता नाय बोलवायचा तुला. लई वर्सं बोलावला. घरच्या मानसाला कोन बोलावतं? घरचा मानूस येतो आपला. पन गाडी सुटली गं, त्यानं अर्धंच आयकलं. त्याला राग आला आसंल. तापातबी त्येच. म्हनायचे, गाडी थांबवा, माझं बोलनं ऱ्हायलंय."

मी हंड्याकडे बघत बसलो. मान हलवली. वहिनींना ते पुरलं.

मी म्हटलं ना, तुझ्याशी ऐसपैस बोलायची फार इच्छा होती. त्या दिवशी तुझ्याच ओट्यावर वेळच वेळ होता. शिट्टी नाही, निशाण नाही, मागून गाडी नाही. फक्त तू नव्हतास. धाकू, मला परत ती खडी हवी आहे, ती वाफ हवी आहे, आणि शेवटचं वाक्य तूच बोल, मी हूं की चूं करणार नाही. एवढं मागूनही रस्ता मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. मागायची सवय लागलीय, त्याला काय करू?

सुतक होतं म्हणून त्या दिवशी पाण्यावर निघालो. वहिनींनी माझ्या वहाणेला सुतळी बांधून दिली आणि मागे कुणाला तरी सांगितलं, तेराव्याला नवं भात कांडून ठेवा. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना, शेजाऱ्यांना, त्या खळ्यावरच्या म्हातारीच्या घरालासुद्धा, सगळ्यांना तेराव्याचं सांगणं गेलं. मी वळणापर्यंत आलो आणि माझ्या ध्यानात आलं, की त्यांनी मला काही सांगितलं नाही. मी मागे वळून पाहिलं. वहिनी हंड्यावरची ताटली सारखी करत होत्या.

उद्या तेरावं. तुझ्या हिशेबानं आता मी गाडीनं आलो तरी चालेल, घरच्या माणसाला कसली अट? तरी चालतच येतो. कर्जतहून उजाडता निघेन, जेवायच्या वेळेला पोहोचेन.

मला कुणी बोलावलेलं नाही.